आईच्या खोलीचा कोपरा

कोपरा ही वस्तू मी आजवर कधी पाहिलीच नव्हती. घरात कोपरे होते, त्यांत मी वर्षानुवर्षं झाडू, छत्र्या, यांचे जुने बूट असं काय काय उभं करत आले होते. लहानपणी रुसल्यावर तर स्वतःलाच तिथे उभं करून घेतलं होतं. पण या सगळ्याच्या मागे जो असतो, त्याच्याकडे मान वर करून बघावं असं कधी वाटलं नाही. एक भिंत इकडून येते, एक तिकडून येते, दोघी भेटतात आणि त्या भेटीची एक रेघ छतापासून जमिनीपर्यंत सरळ उतरते. ही रेघ आपोआप होते अशी माझी समजूत होती. माणसाला गुडघा असतो तसा खोलीला कोपरा असतो.

तसं नसतं. कोपरा कुणीतरी केलेला असतो. हे मला समजलं तेव्हा मी स्टुलावर उभी होते, माझ्या केसांत पुट्टी होती, आणि खालून आमचे हे अतिशय शांतपणे विचारत होते, “अगं, पण हा गोल कसा झाला?”

त्याचं असं झालं. आई तिच्या घरी पंखा पुसताना स्टुलावरून पडली. तिच्या मते ती पडली नव्हती, उतरली होती. “जरा लवकर उतरले,” एवढंच ती कबूल करायची. एकटीने राहणं आता पुरे, आमच्याकडे ये, असं मी फोनवर रोज म्हणायचे आणि ती रोज विषय बदलायची. शेवटी एकदा म्हणाली, “येईन. पण मला झोपवणार कुठे?”

“हॉलमध्ये खिडकीपाशी. मधे छान जाड पडदा लावू.”

“पडद्यामागे मी राहायची नाही. पडद्यामागे माणसं कपडे घालून बघतात, राहत नाहीत.”

आईने जन्मभर शिवणाचं दुकान चालवलं. तिथे असा एक पडदा होता, आणि त्याच्यामागे गेलेलं गिऱ्हाईक बाहेर येणारच असतं, यावर तिचा सगळा धंदा होता. तिला चार भिंती हव्या होत्या, आणि चौथीही खरी. “आधी बघून जाईन,” ती म्हणाली. “आवडली खोली तर मशीन मागवून घेईन. नाहीतर रविवारच्या गाडीने परत.”

म्हणून हॉल मधोमध अडवून जिप्सम बोर्डाची भिंत घालायचं ठरलं. बोर्डवाला आला, पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट उभी केली, दोन्ही बाजूंनी बोर्ड ठोकले, दार बसवलं आणि “कोपऱ्यांचं उद्या बघू” असं म्हणून गेला. मागे त्याने पुट्टीची एक बादली, कागदी टेपचं एक भेंडोळं आणि पुट्टी ओढायची एक रुंद पत्र्याची पट्टी ठेवली होती, त्यामुळे तो परत येणार याविषयी आम्हाला शंका नव्हती. तो आला नाही. फोन केला तर त्याच्या बायकोने उचलला.

“ते तुमच्याकडेच गेलेत ना?”

“आमच्याकडे नाहीत हो.”

“मग कुठे गेलेत?” तिचा आवाज चढला. “रोज सकाळी तुमचंच नाव सांगून निघतात!”

पुढचा बराच वेळ मी त्याच्या वतीने सारवासारव करत होते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तक्रार माझी होती.

आता भिंत उभी होती, पण तिच्या दोन्ही टोकांना, जिथे बोर्ड इमारतीच्या मूळ भिंतीला भेटायचे, तिथे बोटभर फट होती. हॉलच्या बाजूने दोन कोपरे, आईच्या बाजूने दोन. हॉलमधून बघितलं की आईच्या खोलीतल्या उजेडाची उभी रेघ दिसायची. हे म्हणाले, “दुसरा माणूस बघू या.” मी म्हटलं, “मी करते.”

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी कुठल्याही गोष्टीचा कधी क्लास लावलेला नाही. सायकल मी स्वतः शिकले, पोहणं पुस्तकातून शिकले आणि पाण्यात न जाता शिकले, टायपिंग दोन बोटांनी इतकं जोरात करते की बघणाऱ्याला उरलेल्या आठ बोटांची दया यावी. आमच्या यांचे केस मीच कापते. हे ऑफिसात दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधतात आणि घरी आल्यावर तेच काम हौसेने चालू ठेवतात, पण त्या केसांबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलेलं नाही. ते टोपी घालतात.

मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. हे दुपारचे पडले होते म्हणून आवाज बंद करून पाहिला, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ या एका पतिसेवेत आहे. व्हिडिओतल्या माणसाने टेप घेतली, कोपऱ्यात ठेवली, पट्टी वरून खाली ओढली. झालं. कोपरा! मी तोंडात बोट घालून बघत राहिले. इतकी सोपी गोष्ट लोक पैसे देऊन करून घेतात, याचं मला खरोखर नवल वाटलं.

टेप हातात घेतली तर तिच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बारीक मोड. मला वाईट वाटलं. बोर्डवाल्याने भेंडोळं कुठेतरी दाबून ठेवलं असणार. मी शिंपिणीची मुलगी. सुरकुतलेल्या कापडाला हात लावायचा नाही, आधी इस्त्री, मग काम, हे माझ्यात लहानपणापासून भिनलेलं. मी इस्त्री तापवली आणि ते अख्खं भेंडोळं हॉलभर उलगडून, मायेने, मोडावर दोनदा पाणी शिंपडून, सपाट केलं. समोरच्या ताई वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्या दारातच थबकल्या.

“किती निगुतीने करता हो तुम्ही सगळं!”

“कामाची सुरुवात नीट असावी लागते,” मी म्हणाले.

तो मोड कारखान्यात मुद्दाम पाडलेला असतो. त्या मोडावरच टेप दुमडायची असते, म्हणजे ती कोपऱ्यात काटकोनात बसते. व्हिडिओतला माणूस हेच सांगत असणार, कारण त्या वेळी त्याचे ओठ बराच वेळ हलत होते.

इस्त्री केलेली टेप कोपऱ्यात शिरेना. मधे फुगून कमानीसारखी उभी राहिली. डावीकडे दाबली की उजवीकडून सुटायची, उजवीकडे दाबली की वरून. एकदा तर पुट्टीसकट पूर्णच सुटली आणि चहा पीत बसलेल्या यांच्या गळ्यात पडली, सत्कार झाल्यासारखी. मग मी ठरवलं की टेप आत जात नसेल तर आतली जागाच टेपपर्यंत आणावी. कमानीच्या मागे पुट्टी भरली. वरून पुट्टी लावली. मग डावी बाजू गुळगुळीत केली. ती करताना पट्टीच्या कडेने उजवी खरवडली गेली. उजवी नीट केली, तर डावीवर चर पडला. डावीचा चर भरला. उजवीला नवा. असं मी दुपारभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत राहिले, आणि माझ्या नकळत त्या कोपऱ्याने सगळे हट्ट सोडून दिले. तो गोल झाला. बादलीच्या आतल्या बाजूसारखा.

त्याच वेळी यांनी तो वरचा प्रश्न विचारला.

“वाळला की नीट दिसेल,” मी म्हणाले आणि खाली उतरले. जरा लवकर उतरले.

वाळण्याच्या बाबतीत आमच्या इमारतीत अधिकारी माणूस म्हणजे वरचे काका. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि जगातल्या सगळ्या अडचणी ओलाव्यातून निर्माण होतात असं त्यांचं मत आहे. गुडघेदुखीपासून मुलांच्या मार्कांपर्यंत. ते आले, कोपऱ्याला कान लावून उभे राहिले.

“पाणी आहे आत.”

“पुट्टी ओलीच असते हो काका.”

“तेच म्हणतोय मी. पंखा! फुल स्पीड. आणि मी सांगेपर्यंत बंद करायचा नाही.”

पंखा लावला. पुट्टी वरून वाळली, आतून नाही, आणि वरपासून खालपर्यंत तिला अशी एक भेग गेली की नकाशात नदी काढावी. तिला उपनद्याही होत्या. समोरच्या ताई म्हणाल्या, “पकड कमी पडली. डिंक घालायचा असतो.” मी पुट्टीत डिंक घातला. भेग बुजली आणि कोपऱ्याचा दगड झाला. त्याला आकार द्यायचा तर घासण्यावाचून इलाज नव्हता. मी पॉलिशपेपर आणला, तोंडाला ओढणी बांधली आणि घासायला लागले.

काकांनी अजून पंखा बंद करायला सांगितलं नव्हतं.

पांढरं म्हणजे किती पांढरं असू शकतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. आधी टेबल गेलं, मग टीव्ही, मग खुर्चीत पेपर वाचणारे हे. हळूहळू, भुवयांपासून सुरुवात होऊन, त्यांचा पुतळा झाला. पुतळ्याने पेपरचं पान उलटलं. त्या ढगात उजेडाचे पट्टे तरंगत होते, आणि खरं सांगायचं तर दृश्य इतकं देखणं होतं की पंखा बंद करावा हे मला थोडा वेळ सुचलंच नाही. तेवढ्यात उघड्या दारातून ढगाचा काही भाग जिन्यात उतरला, आणि उलट्या दिशेने, त्याच ढगातून, आमच्या इमारतीचा सेक्रेटरी वर आला.

सेक्रेटरी हा माणूस वाईट नाही. तो नियमांवर मनापासून प्रेम करतो, बस. त्याच्या शर्टाच्या खिशात कमिटीने छापलेली त्याच्या पदाची कार्डं असतात, आणि ती तो कुणाला देत नाही, कारण इमारतीत सगळे त्याला ओळखतात.

“मॅडम, वैयक्तिक घेऊ नका,” तो म्हणाला. त्याचा निळा कोट तोवर राखाडी झाला होता. “पण आपण भिंत बांधताय, असं कळलं.”

“पार्टिशन आहे हो. बोर्डाचं.”

“ते बघावं लागेल. इमारतीच्या मूळ भिंतीला सलग, विनाखंड जोडलेलं ते सगळं भिंतीत येतं. भिंतीला सर्वसाधारण सभेची परवानगी लागते. सलग जोडलेलं नसेल तर ते फर्निचर. फर्निचरला आमचं काहीच म्हणणं नाही.”

“सभा कधी आहे?”

“कोरम झाला की.”

“कोरम कधी होतो?”

तो विचारात पडला. “मी आल्यापासून झालेला नाही.”

मग त्याने खिशातून एक कार्ड काढलं, हॉलमधल्या माझ्या गोल कोपऱ्याकडे एक नजर टाकली, त्याला काय म्हणावं ते न सुचून पुढे गेला, आणि आईच्या खोलीत शिरला. तिथले कोपरे अजून उघडे होते. त्याने कार्ड फटीत घातलं. आत गेलं. वर-खाली फिरवून बघितलं. सुळकन फिरलं.

“फर्निचर आहे,” तो समाधानाने म्हणाला. “हरकत नाही. हे असंच ठेवा. बुजवलंत तर मात्र भिंत होईल, आणि मग मला ती काढायला सांगावी लागेल.”

“माझी खोली फर्निचर आहे?”

दारात आई उभी होती. ती शनिवारी सकाळी येणार होती, आज शुक्रवार. “गाडीत जागा मिळाली,” ती म्हणाली, जणू जागा मिळणं हेच निघायचं कारण असतं. तिच्या हातात एक लहान पिशवी होती. ती पिशवी तिने खाली ठेवली, दाराच्या अगदी लगत, तोंड बाहेरच्या बाजूला करून.

“आजी, वैयक्तिक घेऊ नका,” सेक्रेटरी म्हणाला.

“मग मी कोण? कपाटात घडी घालून ठेवलेली चादर?”

सेक्रेटरी नमस्कार करून गेला. आईने पुतळ्याकडे पाहिलं. पुतळा धडपडून उठला आणि त्याच्या अंगावरून एक लहानसा डोंगर कोसळला. “या आई, बसा,” हे म्हणाले. बसायला जागा अशी नव्हती.

“जावईबापू, तुम्ही आजारी आहात का?”

“नाही, हिने कोपरा केलाय.”

आईने चष्मा लावून हॉलमधला कोपरा पाहिला. मग चष्मा काढून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मला एकदम सातवीत असल्यासारखं झालं. मी तेव्हा तिच्या मशीनवर चोरून एक झबलं शिवलं होतं आणि त्याला तीन बाह्या झाल्या होत्या.

“बादली झाली गं ही.”

“पहिलाच प्रयत्न आहे,” मी म्हणाले. माझा आवाज जरा कापरा आला, त्याचा मला राग आला.

“रविवारी गाडी आहेच,” ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली. पिशवी उघडली नाही.

त्या क्षणी माझी स्थिती अशी होती. कोपरे बुजवले तर सेक्रेटरी भिंत काढायला लावणार. नाही बुजवले तर आई त्या फटींच्या खोलीत दोन रात्री काढून रविवारी परत जाणार, पुन्हा त्या एकटीच्या घरात, त्या पंख्याखाली, त्या स्टुलावर. सेक्रेटरीशी भांडता येतं. आईशी नाही. मी ठरवलं, बुजवायचे. आणि बुजवायचे तर असे बुजवायचे की तिला बोट ठेवायला जागा राहू नये.

शनिवारी सकाळी आई पलंगावर बसून बघत होती. मी टेप कापली, आणि नेहमीप्रमाणे ती कोपऱ्यात फुगली.

“दे इकडे. याला मधे मोड नव्हता का गं?”

“होता.”

“मग कुठे गेला?”

“इस्त्री केली,” मी म्हणाले.

आईचे खांदे हलायला लागले. मग ती पलंगावर आडवी झाली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हे धावत आले. तिने त्यांना बोटाने टेप दाखवली, मला दाखवलं, हवेत इस्त्री फिरवून दाखवली, शब्द काही फुटेना. “पूर्ण भेंडोळं?” एवढं शेवटी विचारलं. मी मान हलवली. ती पुन्हा आडवी झाली. मानहानी मी पुष्कळ सोसली आहे, पण इतक्या आनंदाने केलेली ती पहिलीच.

मग ती उठली, डोळे पुसले आणि टेप दोन्ही हातांत धरली. अंगठ्याचं नख मध्यावर ठेवलं आणि ओढत निघाली. शिवण उसवू नये म्हणून कापडाची कड नखाने दाबतात ना, तसं. मोजलं नाही, खूण केली नाही. बघत तर होती यांच्याकडे, कारण त्याच वेळी ती त्यांना विचारत होती, “जावईबापू, घरात टोपी का घालता?” कागद तिच्या बोटांतून सरकत होता आणि मागे मधोमध मोड उमटत होता. डोळ्यांना आता सुई दिसत नाही तिला. नखाला मध्य दिसत होता. ती लांबच लांब टेप तिने माझ्याकडे दिली, मी दुमडून पाहिली, तर दोन्ही कडा एकमेकींवर अशा टेकल्या की मधून केस जाऊ नये.

मी नुसती बघत राहिले. ही बोटं मी जन्मापासून पाहत होते. पण मी कोपरे तरी कुठे पाहिले होते?

टेप बसली. पहिल्यांदा बसली. मी स्टुलावर वरचा भाग करत होते, आई खाली जमिनीवर फतकल मारून खालचा. मी डाव्या बाजूला पुट्टी ओढली आणि उजवीकडे वळणार, तेवढ्यात बाहेर गडबड झाली. यांनी दाराशी अडचण होते म्हणून आईची पिशवी उचलली होती.

“राहू द्या ती तिथेच!” आई खालूनच म्हणाली.

“आई, आत ठेवतो फक्त.”

“माझी पिशवी माझ्या हाताने आत जाईल. गेली तर.”

“गेली तर म्हणजे? आम्ही काय परके?”

“परके नाही म्हणूनच सांगतेय. परक्यांकडे गुमान राहिले असते.”

यांना ते लागलं. आमचे हे चिडले की आवाज चढवत नाहीत, अतिशय व्यवस्थित बोलायला लागतात. आई चिडली की “जावईबापू”चं “जावई” होतं. मी पट्टी हातात घेऊन मधे उभी. यांची बाजू घेतली की आई गप्प, आईची घेतली की हे गप्प, आणि दोघांची एकदम घ्यायला गेले तेव्हा दोघंही माझ्यावर उखडले. जेवण फार शांततेत झालं. कोपऱ्याची उजवी बाजू तशीच राहिली, कुणाला आठवणही झाली नाही.

रविवारी सकाळी उठून पाहते, तर डावी बाजू वाळून टणक झालेली. मी उजवीवर पुट्टी लावली, पट्टी ओढली. पट्टीची कड डावीला घासली. डावीला काही झालं नाही. चर नाही, ओरखडा नाही. पट्टी बाजूला घेतली आणि तिथे एक रेघ होती. छतापासून माझ्या गुडघ्यापर्यंत, एका दोऱ्यात.

“आई!” मी ओरडले. “अगं, एका वेळी एकच बाजू करायची! एक वाळू द्यायची, मग दुसरी!”

आई आली. हे आले. हातातल्या दाढीच्या ब्रशला फेस तसाच. आम्ही तिघं त्या रेघेसमोर उभे राहिलो. एवढ्याशा रेघेसमोर तीन प्रौढ माणसं अशी उभी राहतात, हे बाहेरून कुणी पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता. पण ती खरोखरच तिथे होती. काल नव्हती, आज होती, आणि आम्ही केली होती.

“मग आता?” आईने विचारलं.

“आता ही वाळायला हवी. मग दुसरा हात, आणखी रुंद. मग तिसरा, त्याहून रुंद.”

“म्हणजे आज होत नाही.”

“नाही.”

आईने दाराकडे, पिशवीकडे पाहिलं. “अर्धं शिवलेलं कापड टाकून मी कधी गावाला गेलेले नाही,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी बघू.” आणि मग, भिंतीकडेच बघत, “जावईबापू, तोंड धुऊन या. चहा मी ठेवते.”

त्या आठवड्यात मी जे शिकले ते कुठल्या क्लासात शिकवत असतील तर मला माहीत नाही. टेपला जाडी असते. ती जाडी नाहीशी करता येत नाही. कितीही घासा, कागद तिथे आहे म्हणजे उंचवटा आहे. करायचं एवढंच, की तो उंचवटा लांब पसरत न्यायचा. पहिला हात टेपपुरता, दुसरा वीतभर, तिसरा हातभर, आणि कडेला येता येता पट्टीवरचा दाब असा वाढवत जायचा की पुट्टी कुठे संपली आणि बोर्ड कुठे सुरू झाला हे पुट्टीलाही कळू नये. भिंत सपाट नसतेच. जगातली कुठलीच नसते, अशी मला आता दाट शंका आहे. कुणीतरी तिचा दोष इतक्या लांबवर, इतक्या पातळ हाताने पसरलेला असतो की आपण त्याला सपाटी म्हणतो. मी दवाखान्यात गेले तरी छताचे कोपरे बघायला लागले. बँकेत रांगेत उभी असताना पुढची बाई म्हणाली, “तुमचा नंबर आला,” आणि मी म्हणाले, “काय हात आहे हो!” ती दुसऱ्या रांगेत गेली.

दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप भिंतीला घासून यायची, तेव्हा सगळं उघडं पडायचं. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत तिरक्या उजेडात टेकड्या-टेकड्यांची व्हायची. आई त्या वेळी डोळे मिटून तळहात फिरवायची आणि सांगायची, “इथे. इथे जरा. इथे तुझी तिसरी बाही आहे.” मी घासायचे. पंखा बंद करून. काका दोनदा येऊन “बंद का?” म्हणून नाराज होऊन गेले. हे ऑफिसातून आले की भिंतीला गाल लावून एका डोळ्याने चुका शोधायचे, आणि एका संध्याकाळी बराच वेळ शोधून म्हणाले, “सापडत नाही.” लग्नानंतर एवढं गोड ते मला कधी बोललेले नाहीत.

वरचा भाग माझा आणि खालचा आईचा, ही वाटणी दुसऱ्या कोपऱ्यालाही कायम राहिली. मधे एकदा तिने सहज विचारलं, “तो कोटवाला काय म्हणत होता गं? सलग असली तर भिंत?”

“सलग, विनाखंड.”

“हं,” ती म्हणाली, आणि पुट्टी ढवळायला लागली.

पुढच्या रविवारी सकाळी सेक्रेटरी आला. नवा कोट घातला होता, पण दारातून आधी आत डोकावून हवा पाहिली. आईच्या खोलीत गेला आणि थांबला. ऊन नेमकं तिरकं आलं होतं. त्या उजेडात भिंत नुसती होती. टेकडी नाही, सांधा नाही, टेप कधी जन्मालाच आली नव्हती. त्याने खिशातून कार्ड काढलं आणि डोळ्यांच्या उंचीवर कोपऱ्याला लावलं. कार्ड वाकलं. खाली सरकवलं. वाकलं. आणखी खाली.

“मॅडम,” तो हळू म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, “ही तर भिंत आहे हो.”

हे पुढे झाले आणि अतिशय व्यवस्थित बोलायला लागले.

“अहो, पूर्ण बघा की,” आई पलंगावरून म्हणाली. “वर-वर काय बघता? नियम म्हटला की जमिनीपर्यंत बघावा.”

सेक्रेटरीला हे म्हणणं पटलं. तो गुडघ्यांवर बसला आणि कार्ड कोपऱ्यातून सरकवत खाली नेऊ लागला. पलंगाच्या पायामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्याचा हात एकदम पुढे गेला. कार्ड आत शिरलं. तिथे ना टेप होती ना पुट्टी. बोर्डवाल्याचा चौकटीचा पत्राही त्या जागी आखूड पडला होता, त्यामुळे अडवायला काहीच नव्हतं. कार्ड त्याच्या बोटांतून निसटलं आणि भिंतीच्या पोकळीत, आत कुठेतरी, टप् असा बारीक आवाज आला.

सेक्रेटरीने बोट घालून पाहिलं. मग भिंतीला कान लावला, काकांसारखा.

“माझं कार्ड आत पडलं.”

“भिंतीत कार्ड पडतं का हो कधी?” आईने विचारलं.

सेक्रेटरीने यावर प्रामाणिकपणे विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर नियम एकेक करून उलगडत गेलेले दिसले. “नाही,” तो म्हणाला. “भिंतीत पडत नाही. कपाटात पडतं.” तो उठला, गुडघे झटकले. “फर्निचर आहे.” दाराशी जाऊन परत वळला आणि त्या कोपऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. “पण मॅडम, काय फर्निचर आहे!”

तो गेल्यावर मी वाकून ती जागा पाहिली. ती राहून गेलेली नव्हती. टेपची कड तिथे नखाने सरळ दुमडून आत वळवलेली होती, काज करताना वळवतात तशी. मी आईकडे पाहिलं. ती पिशवी उघडून चष्म्याचं घर शोधत होती. पिशवी पलंगावर होती. ती आत कधी आली, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

मशीन पुढच्या आठवड्यात आलं. ते त्याच कोपऱ्यात, त्या फटीच्या पुढे बसलं. आता पुष्कळ दिवस झाले. हॉलमधला गोल कोपराही आहे तसाच आहे. समोरच्या ताईंना तो आवडतो, त्यांना तसाच करून हवाय. परवा झाडताना मी मशीन सरकवलं तर ती वीतभर जागा दिसली, आणि बादलीत थोडी पुट्टी उरली होती.

“आई, एवढं भरून टाकू का गं?”

आईने मशीनचा पाय थांबवला नाही. “घाई काय आहे?” ती म्हणाली. “वरचं नीट वाळू दे आधी.”